जागरणाचा एक तास

१० फेब्रुवारी १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे पुण्यास आले. आपल्या धर्मप्रांतातील जुन्या मंडळींना तो दिवस अजून आठवत असेल. त्या वेळी मी पंधरा वर्षांचा होतो. नगर जिल्ह्यातील आमच्या गावाहून आईने मला एस. टी.ने पुण्यास आणले होते. गर्दीत आम्ही बरेच मागे उभे होतो. पोपमहाशयांचा चेहरा आम्हाला नीट दिसला नाही. आशीर्वादासाठी वर उचललेला हात तेवढा दिसला. ते तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. डोंगर चढणारा, पोहणारा, नाटकात काम केलेला असा तो पुरुष होता आणि त्याचा हात स्थिर होता. परतीच्या वाटेवर आई एवढेच म्हणाली, "हात पाहिला ना? पुरे झालं."

पुढे दशकही उलटले नाही तोच तो हात थरथरू लागला. साऱ्या जगाने दूरदर्शनवर ती थरथर पाहिली. आणि आणखी काही वर्षांनी, ज्या हाताने आईने मला गर्दीत घट्ट धरून ठेवले होते, तो हातही थरथरू लागला. दोघांचाही रोग एकच होता. त्याला आपण कंपवात म्हणतो. डॉक्टर त्याला पार्किन्सन्स म्हणतात.

या रोगाचा इतिहास वाचकांसमोर ठेवावा असे मनात येण्याचे कारण केवळ वैद्यकीय जिज्ञासा नव्हे. माझ्या धर्मग्रामात आणि शेजारच्या धर्मग्रामांत असे कितीतरी आजी-आजोबा आहेत. त्यांच्या थरथरणाऱ्या हाताकडे सर्वांचे लक्ष जाते. त्यांना वाटणाऱ्या भीतीकडे मात्र कोणाचे जात नाही. गेले तरी ती स्वभावदोष किंवा श्रद्धेची उणीव समजली जाते. ही चूक जुनी आहे, मोठमोठ्यांनी केलेली आहे, आणि धर्मगुरू असूनही मीही ती केली आहे. ती कशी घडत आली हे समजले, तर घरोघरीच्या वृद्धांचा एक अनावश्यक भार हलका होईल.

शूर्डिचचा डॉक्टर

इ. स. १८१७ हे वर्ष पुणेकरांच्या स्मरणात वेगळ्या कारणासाठी आहे. त्या वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवर उभे राहिलेले आपले सिटी चर्च तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. त्याच वर्षी लंडनमध्ये जेम्स पार्किन्सन नावाच्या एका वैद्याने 'थरथरत्या पक्षाघाताविषयी निबंध' या अर्थाच्या शीर्षकाची एक लहान पुस्तिका प्रसिद्ध केली.

पार्किन्सन यांचा जन्म ११ एप्रिल १७५५ चा. म्हणूनच ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन मानला जातो. लंडनच्या शूर्डिच भागातील सेंट लिओनार्ड चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेथेच विवाह झाला आणि तेथेच ते दफन झाले. एकाच धर्मग्रामात जन्मभर राहून लोकांची नाडी पाहणारा हा माणूस होता. त्यांच्या निबंधात केवळ सहा रुग्णांची हकिकत आहे. त्यांतला एक माळी होता. दोघांना त्यांनी रस्त्यात गाठून विचारपूस केली आणि एकाला तर केवळ दुरून पाहिले. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवरून त्यांनी या रोगाचे जे चित्र रेखाटले, ते आजही ओळखू येते : विसावलेल्या हाताची थरथर, पुढे झुकलेले शरीर, चालता चालता नकळत वाढणारी पावलांची गती.

परंतु त्याच निबंधाच्या आरंभी रोगाची व्याख्या करताना त्यांनी असे नमूद केले, की या रोगात इंद्रिये आणि बुद्धी यांना इजा पोहोचत नाही. रुग्णाला वेडसर समजू नये, असा आधार या वाक्यात अनेकांना मिळाला असेल. पण त्याचा दुसरा परिणाम असा झाला, की हा रोग हातापायांचा, मनाशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत रूढ झाली. जो माणूस रस्त्याच्या पलीकडून रुग्णाला पाहतो, त्याला थरथर दिसेल. रात्री दोन वाजता तोच रुग्ण बिछान्यावर उठून बसतो, श्वास थांबेल की काय या भयाने घामाघूम होतो, हे त्याला कसे दिसावे? ते फक्त घरच्यांना दिसते.

पॅरिस येथील साल्पेत्रिएर रुग्णालयातील विख्यात डॉक्टर शार्को यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या रोगाला पार्किन्सन यांचे नाव दिले. हा खरा पक्षाघात नव्हे, आणि प्रत्येक रुग्णाला थरथर असतेच असेही नाही, हे त्यांनी दाखवून दिले. शरीराचा ताठरपणा आणि हालचालींची मंदगती त्यांनी अधिक काटेकोरपणे वेगळी काढली. तथापि त्या काळातील काही नामवंत डॉक्टर अतीव भय, शोक किंवा मानसिक धक्का यांना या रोगाचे कारण मानीत असत. म्हणजे भीती दिसली नव्हती असे नाही. ती कारणांच्या रकान्यात टाकली गेली. भीतीमुळे रोग होतो असे म्हटले, की रुग्णाच्या मनाची दुर्बलता हा त्याचाच दोष ठरतो. आज वैद्यकशास्त्र नेमके उलट सांगते : रोगामुळे भीती उत्पन्न होते.

आपल्याकडील जुनी नोंद

या ठिकाणी आपल्या देशातील एका प्राचीन ग्रंथाचे स्मरण होणे उचित ठरेल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वातामुळे होणाऱ्या ऐंशी विकारांची यादी आहे. तीत 'वेपथु', म्हणजे कंप, याचा समावेश आहे. परंतु त्याच यादीत थोड्याच अंतरावर 'विषाद', 'अस्वप्न' म्हणजे निद्रानाश, आणि 'अनवस्थितचित्तत्व' म्हणजे चित्ताची अस्थिरता, हे शब्दही आले आहेत. आजच्या अर्थाने पार्किन्सन्सचे निदान त्या ग्रंथात आहे असा दावा मला करावयाचा नाही. पण शरीराचा कंप आणि मनाचा कंप एकाच पंक्तीत मांडण्याची दृष्टी आपल्या पूर्वजांपाशी होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आयुर्वेदात आत्मगुप्ता किंवा कपिकच्छू म्हणून जी वनस्पती सांगितली आहे, तिला आपण मराठीत खाजकुइली म्हणतो. माळरानावर तिच्या शेंगेला हात लागला, की अंगाची आग होते हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. या वेलीच्या बियांत लेव्होडोपा नावाचे द्रव्य आहे, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली दाखवले. मात्र त्या द्रव्याचा कंपवाताशी असलेला संबंध उलगडण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९५७ मध्ये स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी डोपामिन हे मेंदूतील एक महत्त्वाचे संदेशवाहक द्रव्य असल्याचे दाखवले. १९६० मध्ये व्हिएन्नामध्ये एरिंगर आणि होर्निकिविच यांना या रोगाने दगावलेल्यांच्या मेंदूत डोपामिनची मोठी उणीव आढळली. १९६७ मध्ये अमेरिकेत कोट्झियास यांनी लेव्होडोपाच्या वाढत्या मात्रा देऊन जखडलेल्या रुग्णांना पुन्हा चालते केले. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. आजही या रोगावरील मुख्य औषध तेच आहे. (खाजकुइलीचे चूर्ण डॉक्टरांना न विचारता गोळ्यांच्या जोडीला घेऊ नये, हे येथेच सांगून ठेवतो. द्रव्य एकच असल्याने मात्रा नकळत वाढते.)

लेव्होडोपाने हात सैल झाले, पाय सुटले. पण अनेकांची भीती गेली नाही. तेव्हा कोठे वैद्यकशास्त्राने मनाकडे वळून पाहिले. २००३ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञ ब्राक यांनी असे प्रतिपादन केले, की हा रोग बहुधा मेंदूच्या देठात, खालच्या भागात सुरू होतो आणि मग वर चढतो. डोपामिन तयार करणाऱ्या पेशींपाशी तो नंतर पोहोचतो. झोप, मनःस्थिती आणि सावधपणा यांचे नियमन करणाऱ्या पेशी याच खालच्या भागात असतात. म्हणूनच काही रुग्णांत चिंता आणि उदासी ही थरथरीच्या कित्येक वर्षे आधी प्रकट होतात. आज असे मानले जाते, की सुमारे एक तृतीयांश रुग्णांना उपचार करण्याजोगा चिंताविकार असतो. ही चिंता रोगाच्या बातमीने आलेली नसते, किंवा केवळ तेवढ्यानेच आलेली नसते. हाताची थरथर जशी रोगाचे लक्षण, तशीच तीही रोगाचे लक्षण असते.

माझी चूक

हे सारे मी फार उशिरा वाचले. आई तेव्हा पुण्यात थोरल्या बंधूंकडे राहत होती. मी दर गुरुवारी तिला भेटत असे. चारचौघांत ती मला फादर म्हणे, घरात नावाने हाक मारी. दुपारचे चार वाजत आले, की तिचा चेहरा पांढराफटक पडे. "दार उघड," म्हणे. उघडले की "लाव" म्हणे. कोणीतरी जवळ बसलेच पाहिजे. दादा कामावर, नातवंडे शाळेत; सारा भार वहिनीवर. वहिनी स्वयंपाकघरात गेली तरी आई कासावीस होई.

मी सेमिनरीत शिकलेला माणूस. माझ्यापाशी उत्तर तयार होते. "आई, रोजरी म्हण. देवावर भार टाक. भीती जाईल." तिने रोजरी म्हटली. मणी बोटांतून निसटत, तरी म्हटली. भीती गेली नाही. अनेक महिन्यांनी एका गुरुवारी तिने मला हळू आवाजात विचारले, "माझा विश्वासच कमी पडतोय का रे? नाहीतर देवमाता मला असं का सोडील?"

मला उत्तर सुचले नाही. औषध म्हणून मी जे दिले होते, त्याने तिच्या दुखण्यात एका दुखण्याची भर घातली होती. आधी तिला फक्त भीती वाटत होती. आता भीती वाटते याची लाजही वाटू लागली होती.

पुढे एका डॉक्टरांनी वहिनीला एक साधा उपाय सांगितला. शंभर पानी वही घ्या, गोळी कधी दिली आणि भीती कधी आली, एवढेच लिहा. तीन आठवड्यांनी ती वही उघडून पाहिली, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले, की भीती बहुतेक वेळा पुढच्या गोळीच्या अर्ध्या-पाऊण तास अगोदर येत होती. आधीच्या गोळीचा अंमल उतरत आला, की हात ताठरत आणि त्याच वेळी मन घाबरे होई. डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि चिंतेसाठी एक वेगळे औषध सुरू केले. भीती पूर्णपणे गेली नाही. पण चार वाजताचा तो प्रलय ओसरला. आईला मी सांगितले, "तो तुझा विश्वास नव्हता, आई. ती गोळी संपत होती." ती कितीतरी दिवसांनी हसली. या रोगात चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे हसूही पुरते उमटत नाही. पण मला ते कळले.

आई गेली त्याला आता तीन वर्षे झाली. प्रार्थना व्यर्थ होती असे मी म्हणत नाही. पुढे रोजरी तिने अखेरपर्यंत म्हटली, परंतु भीती घालवण्याची परीक्षा म्हणून नव्हे. मोडलेल्या हाडाला आपण प्लास्टर घालतो आणि प्रार्थनाही करतो. हाड जुळले नाही म्हणून रुग्णाच्या श्रद्धेवर बोट ठेवीत नाही. मग मेंदूतील पेशींनाच वेगळा न्याय का?

गेथशेमाने

उद्याची चिंता करू नका, ही प्रभू येशूची शिकवण आपण या वृद्धांना वारंवार ऐकवतो. ती शिकवण अन्नवस्त्राच्या चिंतेत देवाला विसरणाऱ्या माणसाला दिलेली आहे. आजाराने हादरलेल्या माणसाला दटावण्यासाठी ती दिलेली नाही. आजाऱ्याने पाहावे ते दुसरे पान. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात, गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः भयाने आणि व्याकुळतेने ग्रासला गेल्याचे स्पष्ट सांगितले आहे. संत लूक त्याच्या घामाचे वर्णन रक्ताच्या थेंबांसारखा असे करतो. जो पापरहित होता त्याला भीती वाटली. तेव्हा भीती वाटणे हे पाप नव्हे आणि अविश्वासही नव्हे, याहून मोठा पुरावा आपल्या धर्मात दुसरा कोणता हवा?

आणि त्या रात्री त्याने आपल्या तीन मित्रांपाशी काय मागितले तेही पाहण्यासारखे आहे. संकट दूर करा असे तो त्यांना म्हणाला नाही. उपदेश मागितला नाही. आपल्याबरोबर एक तास जागे राहावे, एवढेच मागितले. आणि ते तिघे झोपी गेले. आपल्या घरांतील वृद्ध आई-वडील आपल्यापाशी नेमके हेच मागत असतात, आणि आपणही बहुधा झोपी जातो. कोणी कामाच्या थकव्याने, कोणी परदेशातील अंतराने, कोणी माझ्यासारखा तयार उत्तराने.

मौन सुटले

पोप जॉन पॉल यांच्या आजाराचा इतिहासही या दृष्टीने बोधप्रद आहे. १९९० नंतरच्या दशकात त्यांच्या डाव्या हाताची थरथर सर्वांना दिसत असूनही व्हॅटिकनने दीर्घकाळ रोगाचे नाव जाहीरपणे घेतले नाही. २००३ मध्ये ते उघडपणे मान्य झाले. घराण्याचा आजार शेजाऱ्यांपासून लपवण्याची आपली रीत किती सार्वत्रिक आहे, हे यावरून दिसते. मात्र स्वतः पोपमहाशयांनी आपले शरीर लपवले नाही. १९९२ मध्ये त्यांनी जागतिक रुग्णदिन स्थापन केला आणि लुर्डमातेच्या सणी, ११ फेब्रुवारी १९९३ रोजी, तो प्रथम पाळला गेला. १ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांनी जगातील वृद्धांना एक पत्र लिहिले. त्या वेळी ते स्वतः एकोणऐंशी वर्षांचे होते. २७ मार्च २००५ च्या पुनरुत्थानरविवारी ते खिडकीत आले, बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द फुटला नाही. केवळ हाताने क्रूसाची खूण करून ते परतले. पुढच्याच शनिवारी, २ एप्रिलला, त्यांचे देहावसान झाले. २०१४ साली ते संत म्हणून घोषित झाले.

मिलानचे माजी महागुरुस्वामी कार्डिनल मार्तिनी यांनाही हाच रोग होता. पवित्र शास्त्राचा तो थोर भाष्यकार. अखेरीस त्यांचा आवाजही क्षीण झाला. २०१२ मध्ये ते निवर्तले. आणि आपल्या पुण्याचेच सांगायचे, तर पु. ल. देशपांडे. ज्यांच्या बोटांनी पेटी वाजवली, ज्यांच्या आवाजाने अवघ्या महाराष्ट्राला हसवले, त्यांनाही कंपवाताने गाठले. १२ जून २००० रोजी, आपल्या विवाहाच्या चौपन्नाव्या वाढदिवशी, त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या आजारपणात सुनीताबाई सोबतीला होत्या. हा रोग दुबळ्या मनाच्या माणसांचा नव्हे, हे सांगण्यास ही नावे पुरेशी आहेत.

पुण्यातील प्रयत्न

मौन सुटण्याचे काम पुण्यात सामान्य माणसांनीही केले. येथील पार्किन्सन्स मित्रमंडळ हे रुग्ण आणि त्यांचे कुटुंबीय यांनी मिळून चालवलेले स्वमदत मंडळ आहे. सभा भरवणे, तज्ज्ञांना बोलावणे, रुग्णांच्या घरी जाऊन भेटणे असे त्याचे कार्य. या मंडळींनी वापरात ठेवलेले दोन शब्द मला फार आवडतात : रुग्णाला ते 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. रुग्ण हा केवळ ओझे नव्हे आणि सेवा करणारा केवळ नोकर नव्हे, हे त्या दोन शब्दांतच आले.

पुण्यातच कथकाचे शिक्षण घेतलेले नर्तक हृषीकेश पवार यांनी २०१० च्या सुमारास कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग सुरू केले. ऐकणाऱ्यास हे विचित्र वाटेल. ज्याला दारातून पाऊल उचलत नाही त्याने नाचावे कसे? परंतु या रोगात आपोआप होणारी हालचाल अडते, आणि बाहेरून ठेका मिळाला तर तीच हालचाल पुष्कळदा सुटते. म्हणूनच जमिनीवर पट्टी आखली, मोठ्याने एक-दोन म्हटले किंवा गाणे लावले, की उंबरठ्यावर खिळलेले पाऊल पुढे पडते. शिवाय वर्गात आपल्यासारखेच दहाजण थरथरताना पाहिले, की लाज निम्मी होते.

कायद्यानेही काही पावले टाकली आहेत. २००७ च्या केंद्रीय कायद्यान्वये आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर आली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात पार्किन्सन्सचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे ठरावीक प्रमाणात अपंगत्व असल्यास रुग्णाला प्रमाणपत्र मिळू शकते. पात्र कुटुंबांनी ते संकोच न करता घ्यावे. मात्र कायदा निर्वाह मिळवून देईल; जागरण मिळवून देणार नाही.

धर्मग्रामाचे काम

ख्रिस्तसभेची स्वतःची वाटचालही या बाबतीत पाहण्याजोगी आहे. शतकानुशतके रुग्णाच्या अभ्यंगाला आपण अंत्याभ्यंग म्हणत आलो आणि धर्मगुरू घरी आला म्हणजे आता सारे संपले, अशी धास्ती घरात पसरे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये, उपासनेविषयीच्या दस्तऐवजात, हा संस्कार केवळ मरणपंथाला लागलेल्यांचा नसून रुग्णांचा आहे, असे स्पष्ट केले. १९७२ मध्ये त्याचा नवा विधी आला. तरीही माझ्या अनुभवात पुष्कळ कुटुंबे अजून शेवटच्या क्षणापर्यंत थांबतात. कंपवाताने दुर्बल झालेल्या वृद्धाने हा संस्कार शुद्धीवर असताना, आपल्या माणसांच्या घोळक्यात घ्यावा.

आणखी एक नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. पवित्र कम्युनियनपूर्वी एक तास उपवास करावा लागतो. परंतु धर्मसभेच्या कायद्याने वृद्ध आणि आजारी यांना, तसेच त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना, त्यातून सूट दिली आहे. म्हणजे रात्रभर जागलेली सून सकाळी चहा घेऊन मिस्सेला आली, तरी तिने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. कायद्याने तिला आजाऱ्याच्या शेजारी, त्याच ओळीत उभे केले आहे. आपणही तिला तेथे पाहावे.

याला धरून काही साध्या गोष्टी सुचवतो. कम्युनियन घरी नेताना गोळीच्या वेळेचा विचार करावा; गोळीचा अंमल असताना गिळणे सोपे जाते. होस्तियाचा लहानसा तुकडा आणि घोटभर पाणी द्यावे. पापनिवेदनात आवाज ऐकू येत नसेल, तर घाई करू नये. वृद्धाचा चेहरा निर्विकार दिसला, तर तो रुसला आहे असे समजू नये. भीती आली, तर प्रथम वाद न घालता हात धरून बसावे, मग वेळ लिहून ठेवावी, आणि ती नोंद डॉक्टरांना दाखवावी. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. त्यांनी तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो.

आणि शेवटची गोष्ट संपूर्ण धर्मग्रामासाठी. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे, महिला मंडळ आहे, तरुण मंडळ आहे. आज पुण्यात कित्येक घरांत मुले अमेरिकेत किंवा आखातात आहेत आणि येथे सत्तरीची पत्नी पंच्याहत्तरीच्या पतीला उठवते-बसवते. अशा एका घरी आठवड्यातून एक तास कोणी जाऊन बसले, तर तिला औषधाच्या दुकानात, बँकेत किंवा निवांत मिस्सेला जाता येईल. त्या तासात उपदेश करण्याची आवश्यकता नाही. पेपर वाचून दाखवावा, जुन्या गोष्टी ऐकाव्यात, हात धरून अंगणात चार पावले चालावे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबांचा जागतिक दिन जुलैच्या चौथ्या रविवारी सुरू करून दिला. त्या दिवशी आपण गुलाबाची फुले देतो. त्या फुलांबरोबर या तासाची यादीही चर्चच्या फलकावर लागावी, अशी माझी विनंती आहे.

वाचकहो, पेत्राला प्रभूने अखेरच्या भेटीत सांगितले होते, की तू म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील आणि दुसरा कोणी तुला कपडे नेसवील. ते शब्द पेत्राच्या मरणाविषयीचे आहेत, असे संत योहान सांगतो. आईच्या झग्याची बटणे लावताना मला ते नेहमी आठवत. तिचा हात थरथरे, आणि खरे सांगायचे तर माझाही. बटण लावून होईपर्यंत आम्ही दोघेही काही बोलत नसू. त्या पाच मिनिटांत तिला भीती वाटत नसे. माझ्या साऱ्या प्रवचनांनी जे साधले नाही, ते तेवढ्याने साधत असे.